फिलर गाळायचे की पाहायचे? आधी सांधा बघ

पुण्याच्या एका मुलीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावीची परीक्षा झाली, 'नारुतो' या जपानी ॲनिमेशन मालिकेचे (ॲनिमेचे) पहिले १३५ भाग पाहून झाले. पुढचे ८५ भाग फिलर, म्हणजे मूळ मांगात (जपानी चित्रकथेत) नसलेले भरतीचे भाग आहेत असं मैत्रिणी सांगतात, आणि त्यानंतर 'नारुतो शिप्पुडेन'चे ५०० भाग आहेतच. कॉलेज सुरू व्हायला दोन महिने आहेत आणि रोज दोन तास मिळतात. सगळे फिलर सरसकट गाळू की काही पाहण्यासारखे आहेत? शिवाय दहा वर्षांचा धाकटा भाऊ बरोबर बसतो आणि त्याला एकही भाग सोडायचा नाही, त्याचं काय करायचं?

माझी धाकटी भाची तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. मी बडोद्याची. जाहिराती आणि मुलांच्या ॲनिमेशनसाठी स्टोरीबोर्ड काढणं हे माझं काम. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी गेली बारा वर्षं दर शनिवारी संध्याकाळी मुलं ॲनिमे बघायला जमतात, निम्मी मराठी, निम्मी गुजराती. शिप्पुडेन मी मुलांच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांबरोबर अख्खी पाहिली आहे, 'ब्लीच' एकदा, आणि 'वन पीस' अजून चालूच आहे. त्यामुळे कोणता फिलर मुलांना धरून ठेवतो आणि कुठे मुलं पाणी प्यायला उठतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोणते भाग फिलर आहेत हे शोधणं अवघड नाही, त्याच्या याद्या पाच मिनिटांत मिळतात. यादी एवढंच सांगते की हा भाग मांगात नव्हता. तो चांगला आहे का, आणि चांगला असला तरी तू तो याच क्षणी पाहावास का, हे यादीतून कळत नाही. तुला खरी गरज या दोन प्रश्नांच्या उत्तराची आहे.

फिलर येतो कुठून हे माहीत असलं की निवड सोपी होते. मांगाचं एक प्रकरण आठवड्याला छापून येतं, साधारण एकोणीस-वीस पानांचं. ॲनिमेचा एक भागही आठवड्यालाच येतो, पण तो सहज दोन प्रकरणं खातो. म्हणजे दर आठवड्याला ॲनिमे मूळ कथेच्या एका प्रकरणानं जवळ सरकतो आणि एक दिवस तिला गाठतो. मग तीन वाटा उरतात: कार्यक्रम थांबवणं, प्रसंग ताणणं, किंवा स्वतःची गोष्ट रचून वेळ काढणं. महाभारत लिहून घेताना गणपतीनं व्यासांना अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मग मधून मधून कूटश्लोक घातले. गणपती अर्थ लावत बसे, तेवढ्यात व्यासांचे पुढचे श्लोक तयार होत. फिलरचं कामही तेच, मूळ लेखकाला पुढचं रचायला सवड मिळवून देणं. 'नारुतो'चा १३५वा भाग झाला तेव्हा मांगाचं दुसरं पर्व नुकतंच सुरू झालं होतं, म्हणून ८५ भाग असे काढावे लागले. पहिली मालिका ८ फेब्रुवारी २००७ ला संपली आणि पुढच्याच आठवड्यात, १५ फेब्रुवारीला, शिप्पुडेन सुरू झाली. आता बहुतेक मालिका हंगामाहंगामानं येतात, मध्ये थांबतात, म्हणून नव्या मालिकांत हा प्रश्न फारसा येत नाही.

माझ्या कामामुळे मला फिलर लिहिणाऱ्याची अडचण जवळची वाटते. त्याला मूळ पात्रं उसनी मिळालेली असतात. शेजारणीकडून आणलेलं भांडं जसंच्या तसं परत करायचं, तशी ती पात्रं आर्क (काही भागांची मिळून एक कथा) संपताना होती तिथे ठेवायची. नायकाला नवी शक्ती देता येत नाही, कुणाला मारता येत नाही, कुणाचं लग्न लावता येत नाही. भविष्याला त्याचा हात लागूच शकत नाही. म्हणून जे फिलर 'जगावर मोठं संकट आलं' म्हणून सुरू होतात ते बहुतेक पोकळ निघतात. तो कधी न ऐकलेला खलनायक शेवटी हरणार आणि पुन्हा कुणी त्याचं नावही काढणार नाही, हे आपल्याला पहिल्या भागातच ठाऊक असतं.

त्याला दोनच दिशा मोकळ्या असतात. एक भूतकाळ. जे घडून गेलं पण मूळ लेखकानं सविस्तर दाखवलं नाही, तिथे जागा असते. दुसरी दिशा कोपऱ्याची, म्हणजे मूळ कथेत ज्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता ती माणसं, ते स्वयंपाकघर, तो दवाखाना. मी आजवर पाहिलेला जवळजवळ प्रत्येक चांगला फिलर या दोहोंपैकी एका बाजूला गेलेला आहे.

कोपऱ्याचं सगळ्यांत उत्तम उदाहरण 'वन पीस'मधला जी-८, भाग १९६ ते २०६. 'वन पीस'चं नाव निघालं की मी आधी याच अकरा भागांबद्दल बोलते, कारण फिलर कसा लिहावा हे त्यातून शिकता येतं. आकाशातल्या बेटावरून लुफीचं जहाज खाली पडतं ते थेट नौदलाच्या नवरोन नावाच्या किल्ल्यात. चाच्यांची टोळी नौदलाच्या पोटात, आणि जहाज तर शत्रूच्या ताब्यात. आता लेखकानं काय केलं बघ. मोठी लढाई लावली नाही. टोळीतल्या माणसांना किल्ल्यात विखुरलं आणि ज्याला त्याला त्याच्या हुन्नराची जागा दिली. सांजी पोचतो भटारखान्यात, नौदलाच्या आचाऱ्यांमध्ये. चॉपर दवाखान्यात, जिथल्या डॉक्टरणीला रक्ताचीच भीती वाटते. रॉबिन तपासणी अधिकारी बनून वावरते. आणि किल्ल्याचा प्रमुख जोनाथन हा दुष्ट नाही, शांत डोक्याचा, हुशार माणूस आहे. त्याची बायको जेसिका तिथली मुख्य आचारी. शत्रूच्या घरातही संसार असतो हे मूळ कथेला त्या वेळी दाखवता आलं नव्हतं, ते इथे दिसतं. शेवटी सगळं होतं तसं परत जागेवर येतं, पण त्या अकरा भागांत मला ही टोळी नव्यानं कळली. आणि सांधा इतका बेमालूम, की १९५ संपून १९६ कधी सुरू झाला हे आमच्या मुलांच्या लक्षातही आलं नाही. हा फिलर आहे हे मी त्यांना आर्क संपल्यावर सांगितलं.

याच जातीचं छोटं उदाहरण म्हणजे 'ड्रॅगन बॉल झी'चा १२५वा भाग. गोकू आणि पिकोलो गाडीचा परवाना काढायला जातात, एवढीच गोष्ट. मूळ कथेत तेव्हा पुढच्या शत्रूची वाट बघत सराव चाललेला असतो. त्या वाट बघण्याच्या काळात घरातली माणसं काय करत असतील, याचं उत्तर वीस मिनिटांत मिळतं.

आता सांध्याकडे येते, कारण माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो. आमच्या शनिवारच्या मुलांत यादी उघडली की पहिला प्रश्न गुजरातीत येतो, "सांधो क्यां छे?" फिलर जिथे सुरू होतो तिथे मूळ कथा काय करत होती? एक प्रवास संपून श्वास घेत होती, की कुणाची तलवार हवेत होती?

हे मला शिकवलं 'ब्लीच'नं. ३६६ भागांच्या त्या मालिकेत १६८ ते १८९ हा आर्क एका नव्या कप्तानाबद्दल आहे. आर्क म्हणून वाईट नाही. पण १६७ पर्यंत सगळी मंडळी शत्रूच्या मुलखात जिवाच्या बाजीनं लढत असतात, आणि १६८ ला ती लढाई जणू नव्हतीच अशी वेगळीच गोष्ट चालू होते. मी तेव्हा क्रमानंच दाखवायचं असा हट्ट धरला. आमच्यातल्या दोन मुलांनी 'ब्लीच' तिथेच सोडली ती कायमची, आणि ती चूक माझी होती. २३० ते २६५ हा तलवारींच्या बंडाचा आर्क तर मला फार आवडतो. प्रत्येक तलवारीतला आत्मा माणसासारखा समोर उभा राहतो आणि आपल्या मालकाशी भांडतो, ही कल्पनाच गोड आहे. पण तोही महायुद्ध सुरू होताना मध्येच घुसतो. २६६व्या भागाच्या नावातच 'पुन्हा सुरू' असं आहे, म्हणजे लढत थांबवून ठेवली होती हे बनवणाऱ्यांनाही माहीत होतं. आता मी मुलांना तो आर्क ३१० नंतर, मोठी लढाई निकाली निघाल्यावर दाखवते. तेच भाग, पण मुलं मन लावून बघतात.

तेव्हा गाळणं किंवा पाहणं याशिवाय तिसरा मार्ग आहे, पुढे सरकवणं. फिलर मूळ कथेला बांधलेला नसतो, हा त्याचा दोष समजला जातो. पण त्यामुळेच तो उचलून सोयीच्या जागी ठेवता येतो. उलट फिलर शेवटाला असेल तर त्याला हातही लावायला नको. 'रुरोनी केनशिन'मध्ये ६२व्या भागाला क्योतोची कथा संपते आणि पुढचे ९५ पर्यंतचे भाग मांगाबाहेरचे आहेत. तिथे मी मुलांना ६२ नंतर टीव्ही बंद करायला सांगते.

आता तुझा हिशोब मांडू. एका भागातून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं, मागचं थोडक्यात वगैरे काढलं की वीस मिनिटं उरतात. रोज दोन तास म्हणजे सहा भाग, साठ दिवसांत ३६०. शिप्पुडेनच्या ५०० पैकी दोनशेच्या आसपास भाग फिलर धरले जातात, म्हणजे मूळ कथेचे ३०० झाले. तुझ्या हातात फिलरसाठी साठ भागांची जागा आहे. हिशोब ढोबळ आहे, पण साठ कुठे खर्च करायचे असा विचार केलास की प्रश्न आटोक्यात येतो.

पहिल्या मालिकेतून सहाच भाग घे. १४१, कारण त्यात साकुरा जो निर्णय घेते तो मूळ कथेतला आहे आणि तो चुकला तर शिप्पुडेनमधली साकुरा तुला अनोळखी वाटेल. मग थेट २१६ ते २२०. त्यात गारा पहिल्यांदा कुणाचा तरी शिक्षक होतो. शिप्पुडेनची पहिली मोठी कथाच गारा आणि त्याच्या गावाभोवती आहे, त्यामुळे हे पाच भाग पाहून पुढे गेलेलं बरं, आणि २२० मध्ये नारुतोचं गाव सोडून जाणंही आहे. मधल्या भागांत एखादी मजेची गोष्ट आहे, नाही असं नाही, पण तुझ्या दोन महिन्यांत त्यांना जागा नाही. (१०१वा, काकाशीच्या मास्कमागचा चेहरा बघायच्या खटपटीचा, तू पाहिलाच असशील. तोही फिलरच होता.)

शिप्पुडेनचे आकडे पुन्हा १ पासून सुरू होतात हे ध्यानात ठेव. तिथे पहिला मोठा निर्णय ५७ ते ७१ चा. यावर लोकांचं एकमत नाही. पंधरा भाग आहेत, सोरा नावाच्या तरुण भिक्षूची गोष्ट अधूनमधून रेंगाळते. तरी मी ते बघ असंच सांगेन, आणि त्याला कारण आहे. माझ्या थोरल्या भाचीला मी पूर्वी सगळे फिलर गाळलेली यादी करून दिली होती. ७२ पासून आसुमाची जी कथा येते ती तिनं पाहिली आणि मला फोन केला, "मावशी, मला इथे जास्त वाईट वाटायला हवं होतं ना?" मी काय बोलणार? आसुमाबरोबर बसण्याचे पंधरा भाग मीच तिच्याकडून काढून घेतले होते. तो पूर्वी कोण होता, कुणाचं रक्षण करायचा, हे या आर्कमध्ये आहे. पुढच्या तुकडीला मी ते दाखवले. ८८वा भाग संपला तेव्हा दिवा लावायलाही कुणी उठलं नाही.

९१ ते ११२ आणि १४४ ते १५१ गाळ. पहिल्यात गुरेन हे पात्र चांगलं आहे, पण बावीस भाग हा त्याचा मोबदला फार होतो.

१७६ ते १९६ मध्ये जुन्या आठवणी आहेत आणि सांधा सुरेख आहे, कारण १७५ ला एक मोठं पर्व पुरं होतं आणि मनच थोडं थांबायला बघत असतं. त्यातले पहिले तीन, १७६ ते १७८, इरुका गुरुजींचे. या पोराला आपलं म्हणायचं की नाही, हे त्या माणसानं कसं ठरवलं, ते त्यात आहे. पहिल्या भागापासून आपण इरुकाला गृहीत धरलेलं असतं. ते तीन भाग पाहिल्यावर धरवत नाही. बाकीचे राहू देत.

२२३ ते २४२ हे बोटीवरचे सुटे भाग, युद्धाच्या तोंडावर आलेले. ते तू गाळ. आमच्याकडे ते नवरात्रात चालतात. मुलं रात्री उशिरापर्यंत गरबा खेळून आलेली असतात, निम्मी पेंगत असतात, अशा शनिवारी सेव-उसळीबरोबर एकेका भागाची गोष्ट पुरते. तुला असे रिकामे दिवस दोन महिन्यांत मिळायचे नाहीत.

३४९ ते ३६१ मात्र सोडू नकोस. काकाशी अन्बूमध्ये, म्हणजे गावाच्या गुप्त पथकात होता तेव्हाचे तेरा भाग. मूळ कथेनं नुकतंच त्याच्या लहानपणाचं एक दार उघडलेलं असतं, आणि त्यानंतर मधल्या वर्षांत तो कसा जगला हा प्रश्न तुझ्या मनात आपोआप येतो. यामातो आणि इताचीही त्यात वेगळ्या वयात भेटतात. भूतकाळाच्या दिशेनं गेलेला फिलर किती भरू शकतो, ते इथे दिसतं. युद्धाच्या मध्येच आहे, तरी इथे मी तो जागेवरच पाहायला सांगते.

३९४ ते ४१३ आणि ४३२ ते ४५० पहिल्या वेळी नकोत. शेवटची लढत डोक्यावर असताना एकोणचाळीस भाग दुसरीकडे जाणं हे 'ब्लीच'च्या १६८ सारखंच आहे.

४५१ ते ४५८ इताचीबद्दल आहेत. ते मांगात नाहीत, पण स्वतंत्र कादंबरीवर बेतलेले आहेत. त्यांचा सांधा वाईट आहे, म्हणून पुढे सरकव. ४७९ ला लढत संपेल, मग ४८० ते ४८३ हे बालपणाचे चार भाग बघ, मग इताचीचे आठ, मग २९० ते २९५. ही सहा भागांची सलग गोष्ट एखाद्या सिनेमासारखी एका बैठकीत बघता येते आणि तिचं चित्रकाम जपून केलेलं आहे. त्यानंतर ४८४ पासून शेवटापर्यंत मूळ क्रमानं जा.

बेरीज कर: सहा, पंधरा, तीन, तेरा, चार, आठ, सहा. पंचावन्न झाले.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. रोजचे दोन तास खरंच मिळाले नाहीत तर आधी २९० ते २९५ काढ, मग ५७ ते ७१ चा विचार कर, पण ३४९ ते ३६१ शेवटपर्यंत राख. तुला लढायांपेक्षा माणसं आवडत असतील तर माझी निवड तुला जुळेल. लढायाच आवडत असतील तर इरुकाचे भाग संथ वाटतील. आणि मालिका बदलली की नियमही बदलतो. 'डिटेक्टिव्ह कोनान' १९९६ पासून चालू आहे, पण तिथे बहुतेक प्रकरणं आपापली पुरी होतात, त्यामुळे मांगाबाहेरचं प्रकरण मध्ये आल्यानं काही तुटत नाही. 'वन पीस'मध्ये फिलर थोडेच आहेत. तिथला संथपणा मूळ कथाच ताणल्यामुळे आलेला आहे, तेव्हा फिलर गाळून तो जाणार नाही.

यादी वापरताना एक काळजी घे. 'मिश्र' (थोडा मांगातला, थोडा फिलर) असा शेरा असलेला भाग कधी गाळू नकोस. 'ब्लीच'मध्ये ३१७ पासूनचा फिलर ३४२ ला संपतो असं समजून लोक ३४३ वर उडी मारतात, आणि ३४२ मध्ये मूळ कथेतला एक निरोप आहे, तो त्यांचा कायमचा राहून जातो. आर्कचा शेवटचा भाग नेहमी उघडून बघ. आणि एखाद्या आर्कबद्दल ठरत नसेल तर पहिला भाग लावून बोलणाऱ्याकडे बघू नकोस, ऐकणाऱ्याकडे बघ. स्टोरीबोर्ड घाईत झालेला असेल तर बोलणाऱ्याचे नुसते ओठ हलतात आणि समोरचे सगळे थिजलेले असतात. ऐकणाऱ्याचा चेहरा बदलत असेल, तो मान वळवत असेल, तर त्या भागावर कुणीतरी जीव लावलेला आहे. ही खूण मला क्वचितच चुकीची निघाली.

आता तुझा भाऊ. त्याचं म्हणणं मला पटतं. दहा वर्षांच्या मुलाला कथा संपायची घाई नसते, त्याला ती माणसं रोज भेटायला हवी असतात. त्याला यादी दाखवू नकोस, 'फिलर' हा शब्दही सांगू नकोस. साठातून पंचावन्न गेले, पाच उरले. ते पाच त्याचे. गाळलेल्या भागांची नावं त्याला वाचून दाखव आणि तो बोट ठेवेल तो भाग लाव, मग तो कितीही फुटकळ असो. आज रात्री १४१ बघा, उद्या २१६ पासून सुरू करा.